पाळणा लांबविणारी गोळी : कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये, कशी घ्यावी

(आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व महिला बचत गटांच्या सदस्या यांच्या तालुका मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मी डॉक्टर नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे आणि माझा पेशा माहिती पोहोचविण्याचा आहे. तेव्हा गर्भनिरोधक गोळीसारख्या विषयावर, आणि तेही एका पुरुषाने, का बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर असे की, या साधनाच्या बाबतीत निम्मे काम औषधाचे असते, तर निम्मे माहितीचे. शस्त्रक्रिया शल्यविशारद करतात, तांबी दवाखान्यात बसविली जाते. पण गोळी बाईने स्वतः, रोज, आपल्या घरात घ्यावयाची असते. त्या क्षणी तिच्याजवळ डॉक्टर नसतात. असते ते फक्त कोणीतरी तिला सांगितलेले चार शब्द. ते शब्द अर्धवट असले तर गोळीही अर्धवटच काम करते. आणि पुरुषांविषयी म्हणाल, तर ही माहिती त्यांनाही असली पाहिजे, कारण पाळणा हलतो तो दोघांच्या घरात.

महाराष्ट्राला संततिनियमनाचा विचार नवीन नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यापायी त्यांनी खटले सोसले, समाजाचा रोष सोसला. त्यांच्या हाती त्या काळी गोळी नव्हती. ती आली पुष्कळ नंतर. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण १५० मायक्रोग्रॅम होते. आज आपल्या आरोग्य केंद्रातून विनामूल्य मिळणाऱ्या ‘माला-एन’ गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एकपंचमांश. गोळीविषयी जी धास्ती अजून ऐकू येते, तिच्यापैकी बरीचशी त्या जुन्या, जड मात्रेच्या गोळीची आहे, हे ध्यानात ठेवावे.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन व लिव्होनॉर्जेस्ट्रेल ही दोन संप्रेरके एकत्र असतात. म्हणूनच या प्रकाराला संयुक्त गोळी म्हणतात. उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या असून त्यांचा रंग वेगळा असतो. संप्रेरकांमुळे बीजकोशातून दर महिन्याला बाहेर पडणारे स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव दाट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. नियम तंतोतंत पाळणाऱ्या हजार स्त्रियांमध्ये वर्षभरात सुमारे तिघींना गर्भ राहतो. मात्र प्रत्यक्ष संसारात, विसरत-सांभाळत गोळी घेणाऱ्या शंभर स्त्रियांमध्ये सुमारे सातजणींना राहतो. हजारात तीन आणि शंभरात सात, या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे तेवढेच माझ्या आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे. औषध तेच, पाकीट तेच. फरक पडतो तो घेण्याच्या रीतीने.

हे अंतर का महत्त्वाचे, तेही सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांच्या कुटुंबनियोजनाचे साधन स्त्री-नसबंदी हे होते; गोळी वापरणाऱ्या होत्या अवघ्या ५.१ टक्के. म्हणजे आपल्याकडे पुष्कळ संसारांत दोन मुले पाठोपाठ होतात आणि मग कायमची शस्त्रक्रिया होते. मधल्या वर्षांत, अंगावर दूध पिणारे मूल आणि पोटात दुसरे, अशी ओढाताण त्या विशीतल्या मुलीच्या वाट्याला येते. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान दोन वर्षे जावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ती दोन वर्षे मिळविण्याची जी साधने आहेत, त्यांत गोळी हे एक.

आता रीत. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केली तर त्याच दिवसापासून संरक्षण मिळते. त्यानंतर सुरू करावयाची असेल तर दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून घ्यावी आणि पहिले सात दिवस निरोधही वापरावा. पाकिटावर बाणांनी क्रम दाखविलेला असतो, त्या क्रमाने रोज एक गोळी घ्यावी. वेळ ठरवून टाकावी. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बहुतेकींना सोयीची पडते, कारण जेवण चुकत नाही आणि मळमळही कमी जाणवते. २१ गोळ्या संपून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की त्या आठवड्यात पाळी येते. अठ्ठावीसावी गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी नवे पाकीट सुरू करावयाचे, मग पाळी चालू असो वा थांबलेली असो. येथेच पुष्कळजणी चुकतात. ‘पाळी संपू दे, मग सुरू करीन’ म्हणून चार दिवस थांबतात. संप्रेरकाविना सात दिवस आधीच गेलेले असतात; त्यात आणखी चार पडले की बीजकोश जागा होतो. गर्भ राहण्याचा सर्वांत मोठा धोका पाकिटाच्या अशा सांध्यावरच असतो.

गोळी विसरली तर काय करावे, हे प्रत्येकीला तोंडपाठ असावे. एक गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यावी आणि त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. एका दिवसात दोन झाल्या तरी बिघडत नाही. लागोपाठ दोन किंवा अधिक विसरल्या तर आठवताक्षणी एक घ्यावी, पुढच्या रोज घेत राहावे आणि सात दिवस निरोध वापरावा. हा विसर तिसऱ्या आठवड्यात पडला असेल तर संप्रेरकाच्या गोळ्या संपवाव्यात, लोहाच्या बाजूला ठेवाव्यात आणि मध्ये एकही दिवस न जाऊ देता नवे पाकीट उघडावे. या चुकलेल्या दिवसांत संबंध आला असेल तर लवकरात लवकर आरोग्य केंद्र गाठून तातडीच्या गोळीविषयी विचारावे. लोहाची गोळी विसरली तर काहीच करावयाचे नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. उलट्या-जुलाब दोन दिवसांहून अधिक चालले तर गोळ्या विसरल्याप्रमाणेच वागावे, कारण पोटात टिकली नाही ती गोळी घेतली नाही असेच समजावयाचे.

विसरण्याचे खरे कारण अनेकदा स्मरणशक्ती नसते. पाकीट सासूबाईंच्या नजरेस पडू नये म्हणून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले असते. ट्रंक उघडण्याची संधी मिळत नाही आणि गोळी चुकते. पंचमीला माहेरी जाताना ते तसेच सासरी राहते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बाईच्या बिऱ्हाडात तर एका पाकिटाने भागणारच नाही. कारखान्यावर पाच-सहा महिने राहावयाचे असते. म्हणून आशाताईंना माझी विनंती आहे की, अशा बाईचा रक्तदाब पाहून झाला असेल आणि गोळी तिला मानवत असेल तर पुढच्या हंगामाला पुरतील इतकी पाकिटे ती निघण्यापूर्वीच तिच्या हाती पडावीत असे पाहावे. गर्भनिरोधक साधने आशांमार्फत घरपोच देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली, ती याच अडचणींसाठी.

आता ज्यांनी ही गोळी घेऊ नये त्यांच्याविषयी. हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगतो, कारण मागेल तिच्या हातात पाकीट ठेवणे म्हणजे सेवा नव्हे. अंगावर पाजणाऱ्या मातेने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ही गोळी सुरू करू नये. पस्तिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीने घेऊ नये. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, स्तनाचा कर्करोग असेल किंवा होऊन गेला असेल, कावीळ किंवा यकृताचा गंभीर विकार चालू असेल, मधुमेहाने डोळे, मूत्रपिंड वा नसा यांना इजा केली असेल, तर ही गोळी तिच्यासाठी नाही. अर्धशिशीविषयी नीट विचारावे. डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा किंवा काजवे दिसत असतील तर कोणत्याही वयात ही गोळी टाळावयाची, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. मोठी शस्त्रक्रिया होऊन बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावयाचे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. यासाठी महागड्या तपासण्या लागत नाहीत. चार प्रश्न आणि रक्तदाबाचे यंत्र एवढे पुरते. पण ते प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो : दुसरे कोणते औषध चालू आहे? क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन या औषधामुळे यकृतात संप्रेरकांचा निचरा फार झपाट्याने होतो आणि गोळी रोज घेऊनही दिवस राहू शकतात. फिट्सच्या आजारावरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन यांचेही तसेच. ज्या आशाताई क्षयरोग्याच्या औषधांवर देखरेख ठेवतात, त्याच गोळीचे पाकीटही देतात; तेव्हा हा मेळ त्यांनाच घालता येईल. अशा स्त्रीला तांबी किंवा ‘अंतरा’ इंजेक्शन चालते. क्षयरोगाचा उपचार संपल्यावरही महिनाभर तरी गोळीवर विसंबू नये.

गोळ्यांच्या नावांचाही मोठा घोटाळा आहे. ‘छाया’ ही गोळी वेगळी. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी संप्रेरकरहित असून ती पहिले तीन महिने आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी व नंतर आठवड्यातून एकदा घेतात. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ती चालते. शेजारीण आठवड्याला घेते म्हणून माला-एन आठवड्याला घेणे म्हणजे न घेण्यासारखेच. गौरी-गणपतीत किंवा वारीच्या वेळी पाळी पुढे ढकलण्यासाठी दुकानातून आणतात त्या गोळ्याही वेगळ्या. त्यांच्या भरवशावर गर्भ टळत नाही, आणि त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. ती नेहमीचे साधन नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या तर निराळ्याच, आणि त्या कायद्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या.

सुरुवातीच्या दोन-तीन पाकिटांत मळमळ, डोके जड वाटणे, स्तनांत दुखरेपणा, मध्येच डाग दिसणे हे होऊ शकते. लोक म्हणतात, गोळी उष्ण पडली. तो उष्णपणा नव्हे, शरीर नव्या प्रमाणाशी जुळवून घेत असते. बहुतेकींना तिसऱ्या महिन्यापर्यंत आराम पडतो. डाग दिसला म्हणून गोळी मध्येच सोडू नये. गोळ्या पोटात साठून त्यांची गाठ होते, हा समज निराधार आहे. कायमचे वांझपण येते, हाही. गोळी बंद केल्यावर दिवस राहू शकतात, म्हणून तर विसरणे महागात पडते. ‘शरीराला विश्रांती’ म्हणून मध्ये बंद करण्याचीही गरज नाही. अशा विश्रांतीतच नको असलेली गर्भधारणा होते.

तरीही गोळी अगदी निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही; तसे म्हणणारे पत्रक माझ्या हाती आले तर मी ते छापावयास देणार नाही. शिरेत रक्ताची गाठ होण्याचे प्रमाण गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे दोन असते, तर या प्रकारची गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून पुष्कळ अधिक असतो. गोळी चालू असेतो स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो. उलट बीजकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका कमी होतो, आणि तो लाभ गोळी बंद केल्यावरही कित्येक वर्षे टिकतो. पाळीचा रक्तस्राव व पोटदुखी कमी होते. आधीच रक्त कमी असलेल्या आपल्या भगिनींना हा फायदा लहान नाही. गुप्तरोग व एड्स यांपासून मात्र गोळी मुळीच संरक्षण देत नाही. ते काम निरोधचे.

शेवटी पाच लक्षणे सांगतो. पोटात असह्य कळ, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, अचानक अंधुक दिसणे किंवा बोलणे अडखळणे, आणि एकाच पायाच्या पोटरीत सूज व वेदना. यांपैकी एकही दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि आपण गोळी घेत होतो हे तेथे न संकोचता सांगावे. घरच्यांना सांगितले नसेल तरी डॉक्टरांना सांगावे.

पुढील अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे. ज्यांना उभे राहून विचारणे अवघड वाटते त्यांनी चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, परिचारिकाताईंकडे द्यावे. उत्तरे वैद्यकीय अधिकारी महोदया देतील. बाहेरच्या खोलीत रक्तदाब मोजण्याची व्यवस्था आहे. ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनीही आज तो मोजून घ्यावा.