परदेशीं शिकूं जाणारे वैद्यकाचे विद्यार्थी

वैद्यक वा परिचर्या शिकणाऱ्या तरुणांना परक्या देशांतील रुग्णालयांत कांहीं आठवडे काम पाहण्याची संधि आज अनेक विद्यापीठें देतात. संधि स्वागतार्ह खरी. परंतु तेथें जाऊन शिकावयाचें काय आणि कोणापासून, हा प्रश्न तिच्याहूनहि मोठा आहे.

असे विद्यार्थी जेथें येतात, असें एक ठिकाण महाराष्ट्रांतच आहे. वेल्लोर येथें वैद्यक शिकलेलें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन परतलें आणि १९७० सालीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील दुष्काळी जामखेडास त्यांनीं आपलें कार्य आरंभिलें. गांवानें निवडलेल्या स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेवेचे धडे दिले. त्यांपैकीं कित्येकींना अक्षरओळखहि नव्हती. तरी गरोदर स्त्रीची काळजी घेणें, बालकांचें वजन पाहणें, जुलाबानें सुकलेल्या मुलास मीठ-साखरेचें पाणी पाजणें, हीं कामें त्या चोख करूं लागल्या. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुढें देशोदेशींचे विद्यार्थी तेथें येऊं लागले, आणि याच ग्रामीण स्त्रिया त्यांच्या शिक्षिका झाल्या. जुलाबाचें औषध पुस्तकांत सांपडतें. तेंच मूल पुन्हां पुन्हां आजारी कां पडतें, हें मात्र पाणवठ्यापाशीं व चुलीपाशीं गेल्यावांचून उमगत नाहीं.

या प्रवासांत एक मोहहि असतो. टांके घालणें, प्रसूति करणें अशीं जीं कामें स्वदेशीं विद्यार्थ्याच्या हातीं कोणी एकट्याच्या भरंवशावर सोंपवीत नाहीं, तीं परक्या मुलखांतील गरीब रुग्णावर करून पाहावीं, असें त्यास वाटूं लागतें. हात विद्यार्थ्याचा बसतो. जीव रुग्णाचा जातो. म्हणूनच २०१० सालीं तज्ज्ञांच्या एका मंडळानें अशा प्रशिक्षणासाठीं नीतिनियम प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यानें आपल्या पात्रतेची मर्यादा ओळखावी व ती उघड सांगावी. यजमानांची भाषा व चालीरीति समजून घ्याव्या. लाभ दोन्हीं पक्षांचा असावा, आणि यजमान संस्थेवर पडणारा खर्च तिला भरून मिळावा, असा त्यांचा आशय आहे.

यांतील लाभाचा नियम पाळणें सर्वांत कठीण. श्रीमंत देशांतील विद्यार्थी सहज येतो. गरीब देशांतील परिचारिकेस मात्र उलट प्रवासासाठीं ना पैसा मिळतो, ना परवाना. तिलाहि ती वाट मोकळी होईल, तेव्हांच या विद्येच्या देवघेवीस देवघेव म्हणतां येईल. तोंवर जाणाऱ्यानें निदान शिष्य म्हणून जावें.