उपग्रहाचा वेध

5 मे 2005 रोजी श्रीहरिकोट्याहून 'हॅमसॅट' हा उपग्रह आकाशात गेला. हौशी रेडिओचालकांसाठी भारताने घडविलेला हा उपग्रह सुमारे सव्वासहाशे किलोमीटर उंचीवरून फिरे. कोलकात्याच्या माणसाने उच्चारलेला शब्द झेलून तो पुण्याच्या गच्चीवर उतरवी; पण एका फेरीत दृष्टिपथात राही फार तर तेरा-चौदा मिनिटे. तेवढ्यात त्याला गाठावयाचे कसे?

हौशी माणसाच्या हाती असते यागी एरियल: एका दांड्यावर आडव्या बसविलेल्या धातूच्या काड्या. दांडा ज्या दिशेस रोखावा, तिकडचे तिला अधिक ऐकू येते. म्हणून उदयाची वेळ व दिशा आधी गणिताने काढावयाची आणि होकायंत्र लावून सज्ज राहावयाचे. क्षितिजावरचा उपग्रह जवळजवळ तीन हजार किलोमीटर दूर असतो. त्याचा आवाज क्षीण. तो वर चढेल तसा दांडाही वर न्यावयाचा. मध्येच आवाज बुडाला, तर दिशा न सोडता दांडा पाव फेरा पिळावयाचा. कारण उपग्रहाच्या गिरकीमुळे लहरींची पातळी पालटत असते. शिवाय जवळ येणाऱ्या गाडीच्या शिटीसारखा त्याचा स्वर चढलेला असतो, दूर जाताना उतरतो. 145 मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंस सुमारे तीन किलोहर्ट्झचा. तेवढी खुंटी सतत फिरवीत राहावी लागते.

जुलै 2014 मध्ये विजेरी निकामी होऊन हॅमसॅट मुका झाला. त्याने मनगटाला लावलेले वळण मात्र आजही इतर उपग्रहांचा माग काढीत आहे.