कधी येतो, कधी जातो : मोटारीतील विजेच्या दोषाचा शोध
(पाथरी येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी बोलावले तेव्हा मी म्हणालो, "माझ्या हाताला ग्रीस, माझे भाषण कोण ऐकणार?" ते म्हणाले, "मुलांना तुमच्या कामातलेच काही सांगा." म्हणून माझ्या धंद्यातला सर्वांत चिवट प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो. बल्ब जळाला, वायर तुटली, तर ते शोधणे सोपे असते. पण विजेचा एक दोष असा असतो की तो गॅरेजमध्ये दिसत नाही आणि रस्त्यावर गाठतो. तो भल्या मिस्त्रीची झोप उडवतो. माझी त्याने १९८६ साली उडवली.

एक जीपवाला आला. म्हणाला, "उस्ताद, सेल्फ कधी घेतो, कधी नुसता टक् करतो." मी सेल्फ दाबला, इंजिन पहिल्या झटक्यात चालू. दहा वेळा दाबला, दहाही वेळा चालू. आठवड्याने तो पुन्हा तीच तक्रार घेऊन आला. मी अनुभवाच्या गुर्मीत सांगून टाकले की सेल्फ गेला. नवा बसवला, पैसे घेतले. पंधरा दिवस गाडी छान चालली.

पुढे एका रात्री तो अडलेल्या बाईला घेऊन परभणीला निघाला. सोबत तिची सासू. मानवतच्या पुढे बाईला असह्य झाले म्हणून त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले. पुन्हा सेल्फ दाबला तर नुसता टक्. जीप ढकलायला माणूस नाही. पाऊण तासाने एक ट्रक आला, ड्रायव्हर-क्लीनरने धक्का दिला, तेव्हा गाडी सुरू झाली. बाई दवाखान्यात पोहोचली, मूल सुखरूप झाले. सकाळी जीपवाला माझ्याकडे आला. भांडला नाही. सेल्फची पावती बाकावर ठेवली, तिच्यावर जीपची किल्ली ठेवली आणि चहा न घेता पायी निघून गेला.

त्या दिवशी मी गाडी दुरुस्त करायचे सोडून ती बिघडवायला बसलो. इंजिन तापवले, बंद केले, हाताखालच्या मुलाला सेल्फ दाबायला लावले आणि स्वतः एकेक केबल हलवत गेलो. बॅटरीची निगेटिव्ह केबल एका बाजूला वाकवली की टक्. सोडली की इंजिन चालू. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे चासीला लावून सेल्फ दाबायला सांगितले. तिथे जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्ट दिसायला हवा. काटा चारच्या पुढे गेला. केबलवरची टेप सोडली, तर लगच्या आत तांब्याच्या तारांची हिरवी पूड झालेली.

मग नव्या सेल्फवर गाडी पंधरा दिवस का चालली? सेल्फ काढण्याआधी बॅटरीची केबल सोडावी लागते. ती ओढून बाजूला घेताना आतल्या तारा सरकल्या आणि पुन्हा एकमेकींना टेकल्या. गुण त्या ओढण्याचा होता, पैसे मी सेल्फचे घेतले. ते परत केले. पाऊण तास काही परत करता आला नाही. तेव्हापासून माझ्या गॅरेजचा नियम असा की जो दोष आपल्याला हवा तेव्हा आणता येत नाही, तो गेला असे ग्राहकाला सांगायचे नाही.

दिवे नीट लागत होते म्हणून मी बॅटरीकडे पाहिलेच नव्हते. शाळा लवकर सुटलेला मिस्त्री इथेच फसतो, आणि मी तसाच होतो. जॉर्ज ओहम यांचा १८२७ सालचा नियम तुम्ही मुले परीक्षेपुरता पाठ करता. तो इथे लावून पाहा. समजा, कुजलेल्या जोडात ०.०२ ओहम विरोध आहे. दोन हेडलाइटना मिळून सुमारे १० अँपिअर लागतात, जोडात ०.२ व्होल्ट खर्च होतो, डोळ्याला काही कळत नाही. सेल्फला २०० अँपिअर हवे असतात; त्या हिशेबाने ४ व्होल्ट जोडातच जिरतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत मग सेल्फसाठी उरते काय? साधा ओहममीटर तर एक तार शाबूत असली तरी शून्याजवळच दाखवतो. म्हणून भार चालू असतानाच व्होल्ट मोजायचे. पालकांनो, मुलाला गॅरेजमध्ये जरूर पाठवा, पण दहावी झाल्यावर. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या कोर्सलाही दहावी लागतेच.

पान्याला हात लावण्याआधी ड्रायव्हरला बोलते करावे. इंजिन गरम असताना होते की थंड? पावसात, खड्ड्यात, की स्टिअरिंग वळवताना? त्या क्षणी दिवे मंदावले का? मी हे एवढे विचारले असते, तर जीपवाल्याने सांगितले असते की सेल्फ दाबताच दिवे विझल्यासारखे होतात. तेवढ्यावरून मी आधी बॅटरी आणि तिच्या केबली तपासल्या असत्या. उत्तरे वहीत लिहावीत. मग तीच परिस्थिती तयार करावी : वायरिंग हलवा, पाण्याचा हलका फवारा मारा, गाडी तापू द्या. गाडी उसाच्या फडाजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर आधी शोधा.

फ्यूज अधूनमधून उडत असेल, तर त्या लाइनवरची सर्व बटणे बंद करून फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो. वायर हलवत जावे. ज्या जागी बल्ब विझतो-पेटतो, तिथे वायर सोललेली. फ्यूजच्या जागी जाड तार घालणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. त्यांची गाडी जळते ती याच तारेपायी.

हा दोष मोठमोठ्यांनाही चकवतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचा स्विच चालत्या गाडीत सरकून इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. किल्ली पुन्हा फिरवली की सगळे ठीक! कंपनीने २००६ साली स्विच बदलला, पण पार्टचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना-नवा फरक कळायला वर्षे गेली. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले.

आता स्कॅनर आला आहे. काही मुले विचारतात, मशीन सगळे सांगते, तर डोके कशाला? स्कॅनर 'पी ०३३५' असा कोड देतो. याचा अर्थ क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सेन्सर खराब की त्याचा पिन सैल, हे तो सांगत नाही. नव्या गाडीत मात्र टेस्ट लॅम्प कुठेही टोचू नका, कंट्रोल युनिट जळू शकते. पिवळ्या कनेक्टरला तर हातच लावू नका, ती एअरबॅगची लाइन असते.

जीपची ती केबल मी जपून ठेवली आहे आणि आज सोबत आणली आहे. समोर टेबलावर मीटरही आहे. कार्यक्रम संपल्यावर मुलांनी आधी केबलला ओहममीटर लावून पाहावा, तो शून्याजवळच दाखवील. मग बाहेर माझी गाडी उभी आहे; तिला हीच केबल जोडून सेल्फ दाबू या.