'बिनटाक्याचं' म्हणजे बिनदुखण्याचं नव्हे
(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला आपल्या बायकांनी दोन नावं दिली आहेत. पोटावर छेद घेऊन केलं तर 'टाक्याचं' आणि दुर्बिणीतून केलं तर 'बिनटाक्याचं'. हे दुसरं नाव मला खटकतं. टाका नाही म्हणजे दुखणंही नाही, असं घरचे धरून चालतात आणि बाई तिसऱ्या दिवशी डोक्यावर हंडा घेऊन उभी असते.

माझ्या धाकट्या जावेचं असंच झालं. शिबिरातून ऑपरेशन करून आली. दुसऱ्या दिवशी तिचा खांदा ठणकू लागला. सासूबाई म्हणाल्या, "ऑपरेशन पोटाचं, खांदा कसा दुखेल? कामाचा कंटाळा, दुसरं काय!" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देते.

दुर्बिणीतून आतलं नीट दिसावं म्हणून पोटात वायू भरतात, बहुधा कार्बन डायऑक्साइड. त्या वायूने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा ताणला जातो, चुरचुरतो. या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच येतात. म्हणून दुखतो पडदा, पण जाणवतं खांद्यात. दोन-तीन दिवसांत हे ओसरतं. शिवाय बीजनलिकेवर रिंग बसवली असेल, तर रिंगेत अडकलेल्या भागाचं रक्त बंद होतं आणि ओटीपोटात पाळीसारख्या कळा येतात. म्हणजे जाऊ खोटं बोलत नव्हती.

उघड्या ऑपरेशनचं दुखणं वेगळं. माझं पित्ताशय तसंच काढलं होतं, उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेऊन. कातडीबरोबर स्नायूही कापलेले. खोकला आला, हसू आलं की जीव जाई. दुखतं म्हणून श्वास वरवर घेतला, की छातीत कफ साठतो. एका नर्सताईंनी पोटाशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवलं, ते फार उपयोगी पडलं.

१९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्युहे यांनी पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी ते सुरू केलं. त्यात दुखणं कमी, घरी लवकर जाता येतं. तेव्हा मी दुर्बिणीच्या विरोधात नाही. पण 'कमी' आणि 'अजिबात नाही' यांत फरक आहे, आणि त्या फरकात बाईचा जीव जाऊ शकतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात क्वचित आतड्याला इजा होते आणि ती काही दिवसांनी लक्षात येते. म्हणून एक खूणगाठ बांधा: दुखणं रोज उतरलं पाहिजे. ते चढत असेल, ताप, उलट्या, पोट फुगून कडक होणं यांतलं काही असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. "एवढ्याशा भोकाचं काय कौतुक" हे ऐकून घेऊ नका. वेदनेच्या गोळ्या कशा आणि किती दिवस घ्यायच्या, ते कागदावर लिहून मागा. दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका, सांगितलेल्या वेळेला गोळी घ्या.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीतून नसबंदी केली. त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर तेरा बायका दगावल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. जिथे रांगेने बायका निजवल्या जातात, तिथे 'कुठे दुखतंय?' हे विचारायला सवड कुणाला?

आणि पुरुषांची नसबंदी? तिच्यात पोट उघडावंच लागत नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सगळ्या विवाहित जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली ३७.९ टक्के, पुरुषाची ०.३ टक्के!

माझी जाऊ त्या आठवड्यात रडली ती खांद्यासाठी नाही. कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून. गावात परत गेल्यावर ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीच्या घरी तिसऱ्या दिवशी जा. कुठे दुखतं ते विचारा, आणि ती सांगेल ते खरं माना.