ट्रायकोकार्ड: आधी मोजा, मग विका

आज आपण मित्रकीटकांबद्दल बोलणार आहोत. ट्रायकोकार्ड तयार करणं हा बचत गटाला एका खोलीत करता येण्यासारखा उद्योग आहे. काही गट तो करतात, काहींना सुरू करायचा आहे, आणि बाकीच्या आपण कार्ड विकत घेऊन शेतात लावतो. बनवणारी असो की घेणारी, दोघींनी एक गोष्ट शिकायलाच हवी. ती म्हणजे कार्डाची परीक्षा.

ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची माशी. ती बोंडअळीच्या, खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून अळी निघतच नाही, नवी ट्रायकोग्रामा निघते. पीक कुरतडलं जाण्याआधीच काम होतं.

ही माशी वाढवण्यासाठी आपण भरडलेल्या ज्वारीवर किंवा बाजरीवर तांदळातला पतंग वाढवतो. त्याची अंडी गोळा करून, चाळून, अतिनील दिव्याखाली ठेवतो, म्हणजे त्यातून अळी निघत नाही. मग ती डिंकाने कार्डावर चिकटवून ट्रायकोग्रामाच्या माश्यांना देतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी काळी पडतात आणि साधारण आठव्या दिवसापासून माश्या निघू लागतात. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात.

आता हिशोब करू. चांगल्या कार्डावरच्या २०,००० अंड्यांतून १८,००० माश्या निघाल्या आणि निम्म्याहून जास्त माद्या असल्या, तर ९,००० च्या वर माद्या शेतात गेल्या. खराब कार्डातून १०,००० च माश्या निघाल्या आणि त्यात माद्या ३,००० च असल्या, तर? अंडी घालते ती मादी. नराचा किडीला काही त्रास नाही. म्हणजे शेतकऱ्याने पैसे पूर्ण कार्डाचे दिले आणि हातात पडला तिसरा हिस्सा. वरून बघायला दोन्ही कार्डं सारखीच काळी.

अशी कार्डं लावली की अळी दिसायला लागते. शेतकरी म्हणतो, हे कार्डाचं काही खरं नाही, आणि पुन्हा पंप पाठीवर घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारलेल्या कपाशीत निंदायला आणि वेचायला आपणच जातो. म्हणून खराब कार्डाचा तोटा गटाच्या नावापुरता राहत नाही.

परीक्षा अगदी सोपी आहे. प्रत्येक घाण्यातल्या दोन-तीन कार्डांचा छोटा तुकडा कापा. भिंगाखाली १०० अंडी मोजा आणि त्यातली काळी किती ते लिहा. तुकडा स्वच्छ काचेच्या बाटलीत टाकून तोंडाला घट्ट विणीचं मलमल बांधा आणि सावलीत ठेवा. माश्या निघून गेल्यावर पुन्हा भिंग घ्या. ज्या अंड्याला बारीक गोल भोक दिसेल, त्यातून माशी बाहेर पडली. शंभरात ८५-९० भोकं मिळाली तर कार्ड उत्तम. निम्मीच मिळाली तर तो घाणा विकायचा नाही. बाटलीतल्या माश्याही बघा. धडधाकट माशी उजेडाच्या बाजूला चढते. पंख आखडलेल्या तळाशीच वळवळत असतील तर कुठेतरी बिघडलंय.

बिघडतं कुठे? एक, थोड्या अंड्यांवर फार माश्या सोडल्या, की एकाच अंड्यात दोन-तीन अंडी पडतात आणि दुबळी पिल्लं निघतात. एका पिकलेल्या कार्डाला साधारण ६ नवी कार्डं द्या. दोन, मिलन न झालेल्या मादीच्या अंड्यातून फक्त नर निघतात. म्हणून निघालेल्या माश्यांना काही तास एकत्र राहू द्या, मधाचं बोट लावलेला कागद द्या, मग नवी अंडी द्या. तीन, वर्षानुवर्षं तेच बियाणं वापरलं की माशी खोलीला सरावते आणि शेतात शोध घ्यायला कमी पडते. बियाणं अधूनमधून बदला. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडून मूळ माश्या मिळतात. आपल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. चार, पतंगांच्या खोलीत ब्रॅकॉन माशी शिरू देऊ नका. शेतात ती आपली मैत्रीण, पण इथे पतंगाच्या अळ्याच संपवते. खिडक्यांना बारीक जाळी हवीच.

आणि एक आपल्या स्वतःसाठी. पतंगांच्या पंखांची भुकटी श्वासात जाऊन दम लागतो, खोकला येतो. पतंग गोळा करताना नाकातोंडावर मास्क बांधा. ज्या बाईला दम्याचा त्रास आहे तिला हे काम देऊ नका. तिला मोजणीचं आणि वहीचं काम द्या.

घेणाऱ्या मैत्रिणींनो, कार्डावर तयार केल्याची आणि माश्या निघण्याची तारीख बघून घ्या. तारीख नसेल तर घेऊ नका. आणताना गाडीच्या तापलेल्या डिकीत टाकू नका. ठेवायचंच असेल तर फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात, बर्फाजवळ नाही, आणि तेही थोडेच दिवस. कपाशीला एका वेळी एकरी ३ कार्डं लागतात. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा, म्हणजे ऊन लागत नाही. त्या आठवड्यात कीटकनाशक फवारू नका. एक पट्टी मात्र बाटलीत टाकून घरी ठेवा. माश्या निघाल्या की नाही, ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. निघाल्या नाहीत, तर बाटली घेऊन कार्ड बनवणाऱ्या गटाकडे जा. भांडायला नाही, दाखवायला. चांगला गट ती बघेल, वहीतला घाणा शोधेल आणि कार्ड बदलून देईल.

येत्या बैठकीत भिंग, बाटली आणि वही या तीन वस्तूंचा खर्च मांडा. बाकी यंत्रं पुढे घेता येतील.