जगबुडीची तारीख कोणी सांगितली तर

(कळमनुरी तालुक्यातील ग्रामीण मंडळ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला ‘शेवटचा काळ’ हा विषय दिला. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा मी केला आहे. पण प्रकटीकरणाच्या पुस्तकावर व्याख्यान द्यावे एवढा माझा अधिकार नाही. माझे बरेचसे आयुष्य आंध समाजाच्या वाड्यांवर, वसतिगृहाच्या कामात आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मागे फिरण्यात गेले. म्हणून वाडीवर लोक जो प्रश्न मला विचारतात, त्यावरच मी बोलणार आहे. प्रश्न साधा आहे: “भाऊ, जग बुडणार म्हणतात, ते खरं का?”

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात उगाच निघालेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी जमीन हलली. त्या धक्क्याची तीव्रता ४.५ होती. अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. पुढे १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का आला. तो हिंगोलीबरोबर नांदेड आणि परभणीतही जाणवला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाचे लोक तर जमिनीखालचे गूढ आवाज कित्येक वर्षे ऐकत आले आहेत. भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, लेकरे रडत उठतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला भीती वाटली, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. भीती खरी आहे. त्या भीतीवर जे रचले जाते, ते खोटे असते.

जुलैच्या धक्क्यानंतर आमच्या कामाच्या एका वाडीवर मोबाइलवर एक आवाज फिरला. बोलणारा कोण, कुठला, काही कळत नव्हते. अमुक रात्री दोन वाजता किल्लारीपेक्षा मोठा भूकंप होणार आणि त्यानंतर जग राहणार नाही, असे तो ठासून सांगत होता. लोक पावसात, चिखलात, ताडपत्री डोक्यावर धरून शेतात बसले. रात्र सरली, कोंबडा आरवला, काही झाले नाही. लोक हसत घरी आले आणि गोष्ट संपली, असे आपल्याला वाटेल.

पण ती संपली नाही. एका कुटुंबाने आदल्या बाजारी आपल्या चार शेळ्या विकून टाकल्या होत्या. त्या घरची आजी मला म्हणाली, “जग बुडणारच हाय तर शेरडं कुणासाठी ठिवायची, भाऊ?” बाजारात सगळ्यांनाच घाई, त्यामुळे घेणाऱ्याने भाव पाडला. निम्म्या किमतीत शेळ्या गेल्या. त्या पैशात लेकरांना नवे कपडे आले, मटण आले, एक दिवस गोडधोड झाले. मरायचेच आहे तर लेकरांनी एकदा पोटभर खावे, एवढीच त्या माउलीची इच्छा. तिला कोणी काय बोलावे?

पुढे पोळा झाला, दसरा जवळ आला. अडीअडचणीला विकायला शेळी नव्हती. मुकादमाकडून नेहमीपेक्षा जास्त उचल घ्यावी लागली. उचल जास्त म्हणजे कोयते जास्त. आठवीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली. तिचे ते वर्ष बुडाले. ज्याने तो आवाज पाठवला त्याला हे कधी कळणारही नाही. भाकीत खोटे ठरले की नुकसान टळले, असे होत नाही. खोट्या भाकिताचेही बिल येते, आणि ते नेहमी गरिबाच्याच घरी येते.

आता अशा भाकितांचा इतिहास थोडा पाहू. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आठवत असेल. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून प्रलय होणार, अशी हाकाटी देशभर झाली. ठिकठिकाणी यज्ञ झाले. पंतप्रधान नेहरूंनी ती गोष्ट हसण्यावारी नेली. ते दिवस आले आणि गेले. मग १९७९ साली ‘स्कायलॅब’ आले. अमेरिकेची सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली येणार होती, एवढी गोष्ट खरी होती. पण ती आपल्याच गावावर पडणार, असे गावोगावी लोकांनी धरले. अखेर ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने तर कचरा केला म्हणून अमेरिकेच्या संस्थेला ४०० डॉलरचा दंड लावला! पुढे २१ डिसेंबर २०१२ ची माया लोकांच्या कॅलेंडरची तारीखही आपण सर्वांनी पाहिली.

हे सगळे इतरांचे झाले. आपल्या घरातले काय? विल्यम मिलर हा अमेरिकेतला शेतकरी आणि बॅप्टिस्ट उपदेशक. पवित्र शास्त्रातल्या आकड्यांचा हिशोब मांडून त्याने ख्रिस्ताच्या आगमनाचा काळ ठरवला, आणि त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. कित्येकांनी त्या वर्षी शेतातले पीकही काढले नाही. तो दिवस इतिहासात ‘मोठी निराशा’ म्हणून नोंदला गेला. अगदी अलीकडे हॅरॉल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओ उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर दिली. त्याच्या काही श्रोत्यांनी आयुष्याची पुंजी त्या प्रचारात घातली. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच कबूल केले की तारीख सांगणे चुकीचे होते. घातलेली पुंजी मात्र परत आली नाही.

सर्वांत दुःखद गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांची आहे. इंग्रजांनी त्यांच्या जमिनी घेतल्या होत्या, गुरांवर रोग आला होता. १८५६ साली नोंगकाउसे नावाच्या मुलीने सांगितले की सगळी गुरे मारा, धान्य नष्ट करा, मग पूर्वज उठतील आणि गोरे समुद्रात जातील. लोकांनी ऐकले. सुमारे चार लाख जनावरे मारली गेली. सांगितलेला दिवस कोरडा गेला. सुमारे ४० हजार माणसे उपासमारीने मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. उरलेले अनेक जण पोटासाठी गोऱ्यांच्याच मळ्यांवर मजुरीला गेले. बंधुभगिनींनो, हे वाचताना मला आमच्या वाडीवरच्या त्या चार शेळ्या आठवतात. ज्यांच्याकडून आधीच पुष्कळ हिरावून घेतले गेले आहे, त्यांना शेवटाचे भाकीत लवकर पटते. म्हणून त्यांच्यात काम करणाऱ्यांवर जबाबदारी जास्त आहे.

विज्ञान काय सांगते? भूकंप कुठे होण्याचा संभव आहे ते अभ्यासक सांगू शकतात. पण अमुक तारखेला, अमुक वाजता होईल, असे आज जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. त्यामुळे जो वेळ सांगतो, तो खोटा, एवढे आपण खात्रीने म्हणू शकतो. मात्र “काहीच होणार नाही” अशी हमी देणाराही तेवढाच खोटा. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याआधीच्या वर्षीही तिथे धक्के जाणवले होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. आपल्याकडच्या ४.५ च्या धक्क्यापेक्षा त्यात साडेतीनशे पटींच्या आसपास ऊर्जा होती. तिथे माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर पडून. म्हणजे घर कसे आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. आणि घर आपल्या हातात आहे.

आता शास्त्राकडे येतो. त्याच आजीने मला दुसरा प्रश्न विचारला, तो पहिल्याहून अवघड होता. “तुमच्याच देवळात सांगतात ना, येशू परत येणार, हे जग सरणार? मग त्या मोबाइलातल्या माणसाचंच कसं खोटं?” तिचा प्रश्न रास्त आहे. आपण दुसऱ्या आगमनावर विश्वास ठेवतो. तो विश्वास मी लपवणार नाही. मग फरक काय?

फरक पहिला: प्रभूने स्वतः सांगितले आहे की तो दिवस आणि ती घटका देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्यालाच ठाऊक आहे (मार्क १३:३२). जे प्रभूने स्वतःला ठाऊक नाही म्हटले, ते ठाऊक असल्याचा दावा करणारा माणूस प्रभूहून मोठा व्हायला बघतो. लढाया, दुष्काळ, भूकंप यांचा उल्लेख करून प्रभूने त्याच ठिकाणी घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असेही सांगितले. आपण भूकंपाचे वचन वाचतो आणि घाबरू नका हे वाचायचे विसरतो.

फरक दुसरा: थेस्सलनीका येथील मंडळीत अशीच अफवा पसरली होती की प्रभूचा दिवस येऊन ठेपला. काही जणांनी कामधंदा सोडला. प्रेषित पौलाने त्यांना चित्त ढळू देऊ नका, शांतपणे काम करा आणि आपली भाकरी कमवून खा, असे लिहिले. प्रभूच्या दाखल्यातला विश्वासू चाकर धनी येतो तेव्हा काय करत सापडतो? आभाळाकडे डोळे लावून बसलेला नाही. घरच्यांना वेळेवर शिधा वाटताना तो सापडतो (लूक १२). शेवटावर विश्वास ठेवणाऱ्याची ओळख ही आहे.

मी आजीला एवढेच म्हणालो, “माय, तो येणार म्हणूनच शेरडं राखायची. आल्यावर तो विचारेल, लेकरं कुठंयत?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मरण सांगून येत न्हाई, बाबा. पण पेरणी सांगून येते.” हे ऐकल्यावर माझ्याकडे सांगायला काही उरले नाही.

इथे मंडळीतल्या सेवकांना प्रेमाने एक गोष्ट सांगतो. धक्के बसल्यावर सभेला गर्दी होते. त्या गर्दीचा मोह होतो. “पाहा, चिन्हे दिसू लागली, आता तरी या,” असे म्हणणे सोपे असते. कृपा करून तसे करू नका. भीतीने आलेला माणूस भीती सरली की जातो, आणि जाताना देवावरचा भरवसाही घेऊन जातो. फिलिप्पैच्या तुरुंगात भूकंप झाला तेव्हा घाबरलेला अधिकारी स्वतःचा जीव घ्यायला निघाला होता. पौलाने आधी काय केले? स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत, असा धीर दिला. उपदेश नंतर झाला. आपलाही क्रम तोच असावा.

आता कामाचे बोलतो.

भाकीत आले की तीन प्रश्न विचारा. सांगणाऱ्याचे नाव-गाव आहे का? तो तारीख आणि वेळ सांगतो का? ऐकल्यावर तो आपल्याला काही विकायला, द्यायला किंवा सोडायला लावतो का? नाव नाही, तारीख आहे आणि घाई आहे, तर तो संदेश तिथेच पुसा, पुढे पाठवू नका. खात्री करायची तर तहसील कार्यालयात किंवा तलाठ्याकडे विचारा.

भीतीच्या आठवड्यात जनावर, दागिना, जमीन विकू नका. पंधरा दिवस थांबा, एवढाच नियम पाळा.

पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढा. २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनानेही हेच सांगितले होते. पत्रा हुकाने किंवा तारेने बांधा. उतरंड आणि जड डबे झोपण्याच्या जागेच्या डोक्यावर ठेवू नका. तडे गेलेल्या भिंतीला लागून लेकरांना निजवू नका. धक्का बसला तर मोकळ्या जागेत या. म्हातारी माणसे कोण आणणार, हे आजच ठरवा.

आपल्या संस्थेला मदत करणाऱ्या मंडळ्यांना माझी विनंती आहे. पत्र्याचे हुक आणि तार ही फार मोठ्या खर्चाची वस्तू नाही. मंडळीतल्या तरुणांनी एक शनिवार दिला तर एका वाडीचे दगड उतरतात. आणि ऊसतोडीच्या हंगामात मुलींना वसतिगृहात ठेवण्यासाठी जी मदत आपण करता, ती थांबवू नका. त्या आठवीतल्या मुलीसाठी जागा राखून ठेवली आहे. फडावरून कुटुंब परतले की तिला आणायला आम्ही जाणार आहोत. तिच्यासाठी प्रार्थना करा.

शेवट कधी, हे पित्यावर सोपवू या. प्रभू आपणां सर्वांना धीर आणि आशीर्वाद देवो. आमेन.