लस दिली, तरी कोंबड्या का गेल्या?

श्रोतेहो, शिरूर तालुक्यात निमोण्याच्या बाजूला गेलात, तर उसाकांद्याच्या रानाशेजारी पोल्ट्रीची लांबट शेड दिसते. तिथलं एक गाऱ्हाणं नेहमीचं. ‘डॉक्टर, लासोटा वेळेवर दिली, तरी मानमोडीनं निम्मी बॅच गेली. लसच खराब असणार.’ असेलही. पण मी आधी विचारतो, ‘याच पिल्लांत गंबोरो येऊन गेला होता का?’

गंबोरो हा विषाणूचा आजार. चार-सहा दिवसांत मरतूक थांबते आणि मालकाला वाटतं, सुटलो. पिल्लू तीन आठवड्यांच्या आतलं असेल, तर ते आजारी दिसतही नाही. नुकसान मात्र तेव्हाच सर्वांत मोठं होतं. कोंबडीच्या शेपटीखाली, आतल्या बाजूला ‘बर्सा’ नावाची छोटी पिशवी असते. विषाणू नेमका तिच्यावर घाला घालतो.

ही पिशवी कशासाठी, हे बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक यांनी काही कोंबड्यांची बर्सा काढली होती. त्यातल्या काही एका सहकाऱ्यानं वर्गात प्रतिपिंडं दाखवण्यासाठी नेल्या. जंतूंचा अंश टोचला, पण प्रतिपिंडं तयारच होईनात! फसलेल्या या प्रात्यक्षिकातून निघालेला निबंध 1956 साली ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला. बर्सावरून त्या पेशींना पुढे ‘बी-पेशी’ नाव मिळालं. माणसाला बर्सा नाही. आपल्या बी-पेशी हाडांच्या मगजात घडतात.

प्रत्येक बी-पेशीला एकच खूण ओळखता येते. ती खूण असलेला जंतू भेटला, की पेशी इतर पेशींच्या मदतीनं झपाट्यानं वाढते. तिच्या काही लेकी प्रतिपिंडं बनवतात, काही आठवण धरून मागे राहतात. पहिल्या वेळी आठवडा-दहा दिवस लागतात. दुसऱ्या वेळी फार कमी. ही आठवण किती टिकावी? 1918 च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे माणसांची ‘मानमोडी’च म्हणत. त्या साथीच्या आधी जन्मलेल्या आणि साथीच्या वेळी लहान असलेल्या अमेरिकेतल्या वृद्धांच्या रक्तात तो विषाणू ओळखणाऱ्या बी-पेशी 2008 मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी सापडल्या.

आता बर्सा जळालेलं पिल्लू बघा. लासोटा पोटात गेली, पण तिची खूण ओळखून ठेवायला पुरेशा पेशीच उरल्या नाहीत. लस चांगली होती, शिकणारं कुणी नव्हतं.

मग गंबोरोची लस पहिल्याच दिवशी पाजून टाकू, असं कुणी म्हणेल. तिथं आई आडवी येते. कोंबडी अंड्याच्या बलकातून स्वतःची प्रतिपिंडं पिल्लाला देते. ती पिल्लाचं रक्षण करतात, तशीच लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. ही उसनी शिदोरी दोन-तीन आठवड्यांत सरते. म्हणून लस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात देतात. नेमका दिवस पिल्लांच्या रक्ततपासणीवरून ठरवता येतो. पाण्यातून देणार असाल, तर त्या पाण्यात टीसीएल नको, थोडी दूध पावडर घाला, आणि पिल्लं आधी तासभर तहानलेली ठेवा.